नक्कल करावी कोणाची?

उर्दू शाळेत शिकवायचे, घरी कोकणी बोलायचे आणि बाजारात, बँकेत, पंचायत समितीत मराठीत व्यवहार करायचा, असा आमचा दिनक्रम आहे. तीन भाषांमध्ये रोज ये-जा करणाऱ्या माणसाला काही शब्द वाटेत वारंवार भेटतात आणि प्रत्येक ठिकाणी निराळ्या पोशाखात भेटतात. 'नक्कल' हा असाच एक शब्द. मूळ अरबी 'नक़्ल', म्हणजे एका जागेची वस्तू दुसऱ्या जागी नेणे. आमच्या माणगावात शेतकरी तलाठ्याकडे सातबाराची नक्कल मागतो, तेव्हा तो सरकारी शिक्का असलेली खरी प्रत मागत असतो. तीत एक गुंठाही कमीजास्त चालत नाही. उर्दू शाळेत परीक्षेच्या दिवशी 'नक़ल' हा गुन्हा असतो, मुलगा सापडला की पेपर काढून घेतला जातो. आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी तोच मुलगा एखाद्या नटाची किंवा गायकाची नक्कल करतो, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले पाहुणे टाळ्या वाजवतात.

एकच शब्द तलाठ्याकडे दाखला होतो, परीक्षेत चोरी होतो आणि व्यासपीठावर कला होतो. आमच्या दीनी मदरशांत तर ज्ञानाचे दोन भागच मानले जातात, मनकूल आणि माकूल. पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाने पुढे पोचवलेले ते मनकूल आणि बुद्धीने तपासलेले ते माकूल. म्हणजे नक़्ल ही अमानतही आहे. तेव्हा प्रश्न असा की, व्यासपीठावरची नक्कल या तिघांपैकी कोणाच्या जवळची? दुसऱ्याचा आवाज, चाल, लकब उचलून लोकांना हसवणारा माणूस दुसऱ्याचे काही चोरत असतो, की त्याच्याविषयीचे एखादे सत्य इमानाने पोचवत असतो?

हा प्रश्न कोणाला फावल्या वेळचा वाटेल. पण आज प्रत्येक मुलाच्या हाती मोबाईल आहे आणि त्या मोबाईलवर दिवसरात्र कोणी ना कोणी कोणाची तरी नक्कल करीत असते. मुले ती पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून दाखवतात. आम्ही शिक्षक हसावे की रागवावे, हे ठरवण्याआधी थोडा विचार करणे भाग आहे.

दूरचित्रवाणीवर या कलेचा एक विशेष प्रकार आहे, तो म्हणजे प्रसिद्ध माणसांच्या मुलाखतीची नक्कल. ब्रिटनमध्ये १९९९ आणि २००० साली 'रॉक प्रोफाइल' नावाची मालिका झाली. मॅट लुकस आणि डेव्हिड वॉल्यम्स हे दोन विनोदी नट दरवेळी नव्या गायक-वादकांचे सोंग घेऊन बसत आणि जेमी थीकस्टन हा निवेदक अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्यांची मुलाखत घेई. गंमत त्या गांभीर्यातच होती. आपल्याकडे सिमी गरेवाल यांचा पांढऱ्याशुभ्र पोशाखातला, हळुवार आवाजातला मुलाखतींचा कार्यक्रम गाजत होता. त्यावर एम टीव्हीने सायरस साहुकारला 'सेमी गिरेबाल' बनवून बसवले. आमच्या उर्दूभाषक घरांत अधिक प्रेमाने पाहिला गेला तो पाकिस्तानचा 'लूज़ टॉक'. २००५ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अन्वर मक़सूद प्रश्न विचारीत आणि मोईन अख़्तर दर भागात नवे रूप घेऊन उत्तरे देत. आणि झी मराठीवर २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये तर ज्याची नक्कल व्हायची तो नट किंवा ती नटी पुष्कळदा समोरच पाहुणा म्हणून बसलेली असे.

मुलाखतीचीच नक्कल इतकी लोकप्रिय का व्हावी? आम्हाला वाटते, याचे कारण असे की प्रसिद्ध माणसाची मुलाखत हीच मुळात एक नक्कल असते. चित्रपट किंवा गाण्यांचा संच बाजारात येणार असतो. ठरलेले प्रश्न येतात, ठरलेली उत्तरे जातात. गायक सांगतो की सारे श्रेय रसिकांचे आहे, आपण अजून विद्यार्थीच आहोत, प्रतिस्पर्धी आपल्याला सख्ख्या भावासारखा आहे. हे सारे खोटेच असते असे नव्हे. पण तो स्वतःच्याच एका चांगल्या आवृत्तीची नक्कल करीत असतो, आणि समोरचा मुलाखतकार कुतूहलाची नक्कल करीत असतो. नकलाकार येतो आणि या नकलेची नक्कल करतो. दोन उलट्या गोष्टी एकमेकींवर पडल्या की क्षणभर सरळ गोष्ट दिसते. प्रेक्षक हसतो, कारण जे त्याला मनात जाणवत होते आणि म्हणता येत नव्हते ते दुसऱ्या कोणी म्हणून टाकलेले असते. या अर्थाने नकलाकार तलाठ्यासारखा आहे, जे नोंदीत आहे तेच तो दाखवतो.

ही कला काही पाश्चात्त्यांनी शोधलेली नाही. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिज़ने आपल्या 'अल-बयान वत्तब्यीन' या ग्रंथात नकलाकारांविषयी लिहून ठेवले आहे. अरबीत त्यांना 'हाकिया' म्हणत. आपला 'हिकायत' हा शब्द त्याच धातूतला. जाहिज़ सांगतो की हे लोक यमनच्या, ख़ुरासानच्या, अहवाज़च्या माणसांची बोली अशी हुबेहूब उचलतात की ती त्या मुलखातल्या माणसाहूनही अधिक त्याची वाटते. बग़दादमधल्या अबू दब्बूबा नावाच्या एकाची गोष्ट तर अशी की, तो कर्ख़च्या वेशीपाशी उभा राहून गाढवासारखा ओरडे, तेव्हा आजारी आणि थकलेली गाढवेसुद्धा साद देत. खरे गाढव ओरडले तर मात्र ती ढिम्म राहत. जाहिज़ने याचे कारण फार मार्मिक दिले आहे. नकलाकार अनेकांमध्ये विखुरलेल्या लकबी एका ठिकाणी गोळा करतो. कोणत्याही एका आंधळ्या माणसात आंधळेपणाच्या सर्व खुणा नसतात, नकलेतल्या आंधळ्यात त्या सर्व असतात.

हे वाचून आम्ही थोडे थबकलो. कारण कलेचे सामर्थ्य जिथे आहे तिथेच तिचा धोकाही आहे. सर्व खुणा एका माणसावर लादल्या की तो माणूस उरत नाही, त्याचा नमुना होतो. मग पुढे खरा माणूस भेटला तरी लोक त्याच्यात तो नमुनाच शोधत राहतात. खऱ्या गाढवाला साद न देणारी गाढवे आणि आपण यांत मग फरक काय राहिला?

उर्दू साहित्यात मुलाखतीच्या नकलेचा थोरला भाऊ म्हणता येईल असा एक लेख आहे, कन्हैयालाल कपूर यांचा 'ग़ालिब जदीद शुअरा की एक मजलिस में'. जन्नतीतून आलेले मिर्झा ग़ालिब आधुनिक शायरांच्या बैठकीत येऊन बसतात आणि त्यांच्या मुक्तछंदाने हैराण होतात, अशी ती कल्पना. शायरांची नावे किंचित बदललेली आहेत. फ़ैज़चे 'ग़ैज़' झाले आहे, मीराजींचे 'हीराजी'. कोणाचे सोंग आहे हे लगेच कळते. पण कपूर यांनी उचलली आहे ती त्यांची शैली. त्यांचा पेहराव, जात किंवा घर त्यांनी उचललेले नाही. फ़ैज़ आणि मीराजी यांचे त्या लेखाने काही बिघडले नाही. उलट त्यांची शैली ओळखू येण्याइतकी पक्की झाली आहे, याची ती पावतीच ठरली.

मराठीत याहून जुना आणि आम्हाला अधिक जवळचा दाखला पैठणच्या संत एकनाथांचा. सोळाव्या शतकात त्यांनी 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिला. त्यात हिंदू मराठीत बोलतो, तुर्क दखनी वळणाच्या बोलीत बोलतो. दोघे एकमेकांच्या चालीरीतींची यथेच्छ टवाळी करतात आणि अखेरीस समजूत पटून एकमेकांना आलिंगन देतात. एकनाथांनी तुर्काची बोली उचलली, म्हणजे नक्कलच केली. पण त्या तुर्काला त्यांनी तोंडही दिले. त्याला उत्तर देता येते, तोही हिंदूची थट्टा करतो आणि त्याची थट्टा कमजोर नसते. ज्याची नक्कल केली त्याला उलट बोलण्याची जागा ठेवणे ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते, आणि पुढे तिच्याकडे परत यावे लागेल.

आता एका आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात तो एव्हाना आलाच असेल. सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट सांगितले आहे की एका समूहाने दुसऱ्या समूहाची खिल्ली उडवू नये, कदाचित ते यांच्याहून चांगले असतील. एकमेकांना टोपणनावांनी हिणवू नये, हेही तिथेच आहे. अबू दाऊद आणि तिर्मिज़ी यांच्या संग्रहांत तर प्रत्यक्ष नकलेविषयीच हदीस आहे. हज़रत आयशा (रजि.) यांनी एकदा कोणाची तरी नक्कल करून दाखवली, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) सांगितले की कितीही मोठा मोबदला मिळाला तरी कोणा माणसाची नक्कल करणे आपल्याला आवडणार नाही. त्या हदीसमधला शब्दही जाहिज़च्या 'हाकिया'च्याच कुळातला आहे.

आम्ही मुफ़्ती नाही आणि फ़तवा देण्याचा आमचा अधिकारही नाही. ही हदीस बाजूला सारून पुढे जाण्याची आमची इच्छा नाही. पण त्याच परंपरेत पैगंबर साहेबांच्या विनोदाचेही प्रसंग सांगितले आहेत. स्वारीसाठी उंट मागणाऱ्याला ते उंटिणीचे पिल्लू देऊ म्हणाले, तो गोंधळला, तेव्हा प्रत्येक उंट हे कोणत्या तरी उंटिणीचे पिल्लूच असते हे त्यांनी त्याच्या लक्षात आणून दिले. त्या विनोदात खोटे काही नव्हते आणि कोणी लहान झाला नाही. म्हणजे हसण्याला मनाई नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्याला हसण्याची वस्तू करण्याचा. हदीसने नकलेच्या दारात एक पहारेकरी उभा केला आहे, आणि आत जायचे तर त्याला कारण सांगावे लागेल. असे कारण कोणते असू शकते, तेच आम्ही शोधत आहोत.

पहिली कसोटी सुचते ती अशी. माणसाकडे काही गोष्टी असतात त्या त्याने स्वतः निवडलेल्या, आणि काही असतात त्या त्याला मिळालेल्या. पुढाऱ्याची भाषणाची ढब, गायकाचा झगमगीत कोट, मुलाखतकाराचा कृत्रिम हळुवारपणा हे त्यांनी निवडलेले आहे. ज्याने जे लोकांसमोर मांडले त्यावर लोकांनी हसणे रास्त आहे. पण रंग, उंची, वय, तोतरेपणा, आईच्या दुधाबरोबर आलेली बोली हे कोणी निवडत नाही. त्यावर हसणे म्हणजे देणाऱ्यावर हसणे. सेमी गिरेबाल या कसोटीला उतरतो, कारण त्याने पांढरा पोशाख आणि गोड आवाज उचलला.

मुंबईतले एक प्रकरण मात्र उतरत नाही. मे २०१६ मध्ये तन्मय भट या विनोदकाराने मोबाईलवर चेहरे बदलणाऱ्या सोयीचा वापर करून लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर यांचे लुटुपुटीचे भांडण दाखवणारी चित्रफीत टाकली. त्यात लताबाईंच्या वयावर आणि मरणावर विनोद होते. लताबाई तेव्हा ८६ वर्षांच्या होत्या. महाराष्ट्रात संताप उसळला, महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या लोकांनी पोलिसांत तक्रार दिली, आणि ती चित्रफीत काढून टाकावी म्हणून मुंबई पोलिसांनी संबंधित कंपन्यांना लिहिले. लताबाईंच्या गाण्यात, त्यांच्या सार्वजनिक आयुष्यात, चित्रपटसंगीतावरच्या त्यांच्या दीर्घ वर्चस्वात नकलाकाराला हात घालण्याजोगे पुष्कळ होते. त्याने धरले ते वय, जे त्यांनी निवडलेले नव्हते. विनोद हिणकस होता, असेच आम्हाला वाटते. पण हिणकस विनोद आणि अन्याय या एकच गोष्टी आहेत का? खुद्द लताबाईंनी आपण ती चित्रफीत पाहिलेली नाही आणि तो मुलगा कोण हे आपल्याला ठाऊक नाही, एवढे सांगून विषय संपवला. त्यांचे त्यातून काहीही गेले नाही. याचा अर्थ आमची पहिली कसोटी खरी आहे, पण पुरेशी नाही.

दुसरी कसोटी दिशेची. नक्कल खालून वर जाते की वरून खाली येते? धारावीत वाढलेला एक तरुण मुंबईच्या हिंदुस्तान लिव्हर कारखान्यात कामाला होता. कंपनीच्या एका समारंभात त्याने वरिष्ठ साहेबांच्या नकला केल्या. कामगार खूश झाले आणि त्यांनी त्याला 'जॉनी लिव्हर' म्हणायला सुरुवात केली. पुढचे सर्वांना माहीत आहे. कामगाराने साहेबाची नक्कल केली तर तासाभरापुरती दोघांची उंची सारखी होते. तीच नक्कल साहेबाने कामगाराची केली असती तर? दोघांच्या उंचीतला फरक वाढलाच असता, आणि कामगाराला वर हसूनही दाखवावे लागले असते.

वर्गात हे आम्ही रोज पाहतो. एक मुलगा आमची नक्कल फार सुरेख करतो. फळ्याकडे पाठ फिरली की खडूने टेबलावर टकटक करून 'ख़ामोश' म्हणण्याची आमची सवय त्याने अशी उचलली आहे की, व्हरांड्यातून येणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनाही आम्हीच आत आहोत असे वाटते. आम्ही त्याला अडवत नाही. हजेरीपट, गुणपत्रिका, पालकांना बोलावण्याचा अधिकार सारे आमच्या हाती आहे. त्याच्या हाती एक खडू आहे. पण त्याच मुलाने एकदा वर्गातल्या अडखळत बोलणाऱ्या मुलाची नक्कल सुरू केली, तेव्हा आम्ही त्याला मध्येच थांबवले. त्याने फार योग्य प्रश्न केला. म्हणाला, "सर, पण तो तर स्वतःच हसतोय!"

खरेच तो हसत होता. आणि इथे आमची दुसरी कसोटीही अडकली. कारण नकलेच्या बाजूने नेहमी दिला जाणारा पुरावा हाच असतो की ज्याची नक्कल झाली तोही हसला. पाहुणा समोर बसून खो खो हसतो, कॅमेरा त्याचे हसू टिपतो आणि हिशेब मिटतो. पण हसू ही नेहमीच परवानगी असते का?

पुन्हा ब्रिटनचा दाखला देतो. क्रेग डेव्हिड हा साउदॅम्प्टनचा गायक, वडील ग्रेनाडा बेटाकडचे. २००० साली पहिला संच आला तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि एकदम शिखरावर पोचला. २००२ साली ली फ्रान्सिस या विनोदी नटाने 'बो सिलेक्टा' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात रबरी मुखवटा चढवून तो क्रेग डेव्हिड बनत असे. बोली साउदॅम्प्टनची नव्हे, यॉर्कशायरकडची दिलेली आणि हातावर प्लॅस्टिकचा ससाणा. खऱ्या गायकाशी त्या सोंगाचा फारसा संबंधच नव्हता. पण लोक रस्त्यात त्याला त्या सोंगाच्या आवाजात हाका मारू लागले. त्या काळात तो वरवर हसत राहिला, खेळीमेळीने घेत राहिला. पुढे अनेक वर्षांनी त्याने मुलाखतींतून सांगितले की आतून आपण फार दुखावलो होतो. जून २०२० मध्ये ली फ्रान्सिसने कृष्णवर्णीय कलावंतांची अशी सोंगे काढल्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच महिन्यात 'रॉक प्रोफाइल'वाल्या जोडीची पुढची मालिका 'लिटल ब्रिटन' ही बीबीसीने आपल्या संग्रहातून काढून घेतली, कारण तीत गोऱ्या नटांनी काळे रंग फासून सोंगे घेतली होती. त्या जोडीनेही खेद व्यक्त केला.

क्रेग डेव्हिड प्रसिद्ध होता, श्रीमंत होता. दिशेच्या कसोटीने पाहिले तर नक्कल खालून वर चालली होती. तरीही तो अडकला होता. न हसता तर लोक म्हणाले असते की याला विनोद कळत नाही, डोक्यात हवा गेली आहे. हसला, तर सोंग पक्के होणार. दोन्हीकडून नुकसान त्याचेच. नकलाकाराने त्याच्याकडून घेतली ती नुसती लकब नव्हती, न हसण्याची मोकळीकच त्याने काढून घेतली होती.

आम्हाला वाटते, खरी कसोटी इथे आहे. ज्याची नक्कल होते त्याला न हसण्याची मोकळीक आहे का? तो गंभीर राहिला, नाराज झाला, उलट बोलला, तर त्याचे काही बिघडेल का? बिघडणार नसेल तर नक्कल, चांगली असो वा वाईट, माणसामाणसातला खेळ आहे. बिघडणार असेल तर ती नक्कल राहत नाही, वसुली होते. लताबाईंना ती मोकळीक पूर्णपणे होती. त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. म्हणून तिथे विनोद हिणकस असला तरी पोलिसांची गरज नव्हती, प्रेक्षकांची नापसंती पुरेशी होती. जॉनीच्या साहेबांना ती होती. एकनाथांच्या तुर्काला तर उलट टोला मारण्याचीही होती. वर्गातल्या अडखळणाऱ्या मुलाला ती नव्हती. तो हसला नसता तर दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत एकटा पडला असता. त्याचे हसू म्हणजे वर्गात राहण्यासाठी भरलेले भाडे होते.

वाचकहो, हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर आमच्या वस्त्यांतली मुले आहेत. मोर्बा, गोरेगाव, म्हसळा या बाजूची आमची कोकणी मुस्लिम मुले घरी जी बोली बोलतात ती मराठीचीच लेक आहे. शाळेत ती उर्दू शिकतात. दहावीनंतर मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जातात, कोणी लोणेऱ्याच्या विद्यापीठात जातो. तिथे पहिल्याच आठवड्यात कोणी तरी त्यांच्या बोलण्याची नक्कल करतो. ही नक्कल त्या मुलाची नसतेच, ती पडद्यावरच्या नमुन्याची असते. सिनेमातला आणि नाटकातला 'मियाँ' कित्येक वर्षे एकाच थाटात बोलत आला आहे. डोळ्यांत सुरमा, तोंडात पान, दर वाक्याला 'अरे भाई' आणि 'या अल्ला', आणि मराठी बोलला तर लिंगवचनाचा घोळ. आमच्या कोकणातला मुसलमान, जो कुवेतहून परत आल्यावर शेतावर उभा राहून अस्सल कोकणीत गडीमाणसांशी बोलतो, त्या नमुन्यात कुठेच बसत नाही. पण जाहिज़ची गाढवे खऱ्या आवाजाला साद देत नाहीत.

आणि आमची मुले काय करतात? हसतात. सर्वांच्या आधी हसतात. काही जण तर तो नमुना स्वतःच करून दाखवू लागतात, कारण दुसऱ्याने करण्याआधी आपण केलेले बरे. लोक म्हणतात, बघा, किती खेळकर मुलगा आहे. तो खेळकर असेलही. पण त्याला गंभीर राहण्याची परवानगी होती का, हे कोणी विचारत नाही. एवढ्यासाठी कोणा मित्रावर खटला भरावा असे आम्ही म्हणत नाही. ते मित्र वाईट नसतात, त्यांतले कित्येक ईदला घरी येऊन शीरखुर्मा खाऊन जातात. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की हसणाऱ्याने एकदा शेजारच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.

मात्र ही कसोटी आम्हालाही लागू होते. दुसऱ्यांनी आमची नक्कल करताना विचार करावा असे म्हणायचे आणि आमच्यातल्या कोणी आमच्या मौलवीची, मोहल्ल्याच्या अध्यक्षाची, उर्दू मास्तरची नक्कल केली की त्याच्या अंगावर धावून जायचे, हे बरोबर नाही. मौलवी आणि अध्यक्ष यांना न हसण्याची मोकळीक भरपूर असते. समाजात ज्यांचा शब्द चालतो त्यांची लकब कोणी उचलली तर तो समाज जिवंत असल्याचा दाखला आहे. उर्दूने तर याची सवय फार पूर्वी लावून घेतली. १८७७ साली लखनौहून निघालेल्या 'अवध पंच'ने हाकीम, नवाब, शायर, कोणालाही सोडले नाही.

शिवाय मोकळीक दोन्ही बाजूंना हवी. हसवणाऱ्यालाच ती नसेल तर कसोटी लावणार कशाला? जानेवारी २०१६ मध्ये किकू शारदा या नटाला एका डेऱ्याच्या प्रमुखाची नक्कल केली म्हणून हरियाणा पोलिसांनी अटक केली. १ जानेवारी २०२१ रोजी मुंबईत राहणाऱ्या मुनव्वर फ़ारूक़ी या तरुण विनोदकाराला इंदूरमध्ये कार्यक्रमाच्या ठिकाणीच अडवून अटक झाली. ज्या विनोदांसाठी अटक झाली ते त्याने त्या दिवशी केलेही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत तो महिन्याहून अधिक काळ तुरुंगात होता. ज्याला न हसण्याची संपूर्ण मोकळीक आहे त्याने, किंवा त्याच्या नावाने इतरांनी, हसवणाऱ्याला तुरुंगात घालावे, ही आमच्या कसोटीची उलटी बाजू आहे. दुबळ्याचे सक्तीचे हसू जितके वाईट, तितकीच बलवानाची सक्तीची गंभीरताही वाईट.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने त्यांच्या परवानगीवाचून त्यांचा आवाज यंत्राने तयार करणाऱ्यांना मनाई केली. हे तंत्र नक्कल करणाऱ्याचा चेहराच पुसून टाकते. मुहम्मद रफ़ींच्या निधनानंतर कित्येक गायकांनी त्यांच्या वळणाने गाऊन आपले आयुष्य उभे केले. पण श्रोत्याला ठाऊक असे की हा शब्बीर कुमार आहे, हा मुहम्मद अज़ीज़ आहे, आणि हे रफ़ींवरचे प्रेम आहे. माणसाची नक्कल स्वतः सांगते की मी नक्कल आहे. तलाठ्याचा शिक्काही तेच सांगतो. परीक्षेतली चोरी मात्र हे लपवते, आणि यंत्रातला आवाजही लपवतो. चोरी आणि कला यांतला फरक कदाचित एवढाच असेल की कला आपले उसने उघडपणे मान्य करते. उर्दूत म्हणतातच, नक़ल के लिए भी अक़ल चाहिए. आम्ही त्यात एवढीच भर घालू की थोडी हयाही हवी.

आता उरला तो हदीसचा पहारेकरी. इतका ऊहापोह करून आम्ही त्याला ओलांडून गेलो असे आम्हाला वाटत नाही. समोरच्याला न हसण्याची मोकळीक आहे की नाही हे ओळखायचे कसे? तो तर हसतच असतो. क्रेग डेव्हिडच्या मनातले कळायला जगाला कित्येक वर्षे लागली. ज्या गोष्टीचा परिणाम आपल्याला दिसू शकत नाही तिच्यापासून दूर राहावे, असा जर त्या हदीसचा रोख असेल, तर तो आमच्या कसोटीहून अधिक शहाणा आहे हे मान्य करावे लागेल. आमची कसोटी नकलेला वाट देते. ती हदीस नकलाकाराला आधी त्या माणसाची आठवण करून देते. दोन्ही बरोबर बाळगता येतील असे आम्हाला वाटते, पण हात मोकळे ठेवून नव्हे.

डिसेंबरात शाळेचे संमेलन येते. नकलेसाठी नावे देणाऱ्या मुलांना आम्ही दोनच गोष्टी विचारतो. ज्याची नक्कल करणार तो तुझ्याहून मोठा आहे का? आणि तो उद्या तुझ्यावर रागावला, तर त्याचे काही जाईल का, की तुझे? दुसऱ्या प्रश्नावर मुले थोडा वेळ गप्प बसतात. काही जण नक्कल बदलतात, काही जण तीच ठेवतात. गेल्या वेळी एकाने सांगितले, "सर, मी माझीच करतो." आम्ही त्याचे नाव यादीत लिहून घेतले.